वाटी की बशी

थंडर बे,
रविवार दुपार

प्रिय सिनिक्का,

डॉक्टर फ्रेझर या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी पुन्हा येणार आहेत. त्यांच्या नर्सने काल फोन करून तारीख पक्की केली. फोन हेल्मीमावशीने घेतला, "बरं" एवढंच म्हणाली आणि पुल्लाचं, त्या गोड पावाचं, पीठ मळायला लागली. तू माझे फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. राग मानून लिहीत नाही. जाताना तू दारात उभी राहून म्हणालीस, "बाबा, त्या दिवशी मी या घरात नसेन." ते मी ऐकलं आणि आईनेही ऐकलं. तिचे कान अजून शाबूत आहेत.

तू गेलीस तेव्हा तिचा उजवा अंगठा हलत होता. आता तोही थांबला. श्वासाचा मुखवटा दिवसभर लावलेला असतो आणि त्याच्या पट्ट्यांमुळे चष्मा बसत नाही. उरले फक्त डोळे. अक्षरांचा तो पारदर्शक तक्ता मी तिच्यासमोर धरतो, ती एकेका अक्षराकडे पाहते आणि मी पलीकडून तिची नजर वाचतो. वर पाहिलं की हो, खाली पाहिलं की नाही. तिचं सगळं बोलणं आता एवढंच, आणि लेन्स नसल्या तर तिला तक्ता म्हणजे नुसतं धुकं. म्हणून रोज सकाळी कॉफीच्या आधी लेन्स. कागद गिरणीत जन्म काढलेली माझी बोटं तुला माहीतच आहेत. परवा तिने अक्षर अक्षर जुळवून विचारलं, "आर्व्हो, लेन्स बसवतोयस की ट्रकचं चाक?" मी हसलो. ती हसली की नाही, ते आता तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांवरून ओळखावं लागतं. हसली असावी.

गावातल्या निम्म्या पोरांना लेन्स बसवायला तिनेच शिकवलं. तिच्या चष्म्याच्या दुकानातल्या त्या गोल आरशापुढे बसवून सगळ्यांना एकच सांगायची. बोटाच्या टोकावर ठेव, डोळ्यांसमोर धर, बाजूने बघ. कडा सरळ वर आल्या तर वाटी, बाहेर पसरल्या तर बशी. बशी म्हणजे उलटी. उलटी लेन्स आंधळं करत नाही, पण दिवसभर छळते. तुझी पहिली वेळ मला आठवते. हॉकीच्या सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत तू हुंदके देत होतीस, "आई, तूच घाल ना गं!" आणि ती बाकावर शांत बसून म्हणाली, "तुझा डोळा, तुझं बोट. रड हवं तितकं, पण आधी सांग, वाटी की बशी?" बाहेर शिट्टी वाजली, प्रशिक्षक दार बडवत होता, तरी ती हलली नाही. तू रडत रडतच बसवलीस. नीट बसवलीस.

आता डॉक्टर मागच्या वेळी आले त्या मंगळवारचं सांगतो. हेल्मीने तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. आईने डॉक्टरच्या हातून मरण मागितलंय, कायद्याच्या कागदांवर सगळं झालंय, हे तुला ठाऊक आहे. पण शेवटच्या क्षणी डॉक्टरला पुन्हा विचारावंच लागतं आणि तिला पुन्हा हो म्हणावं लागतं, स्वतःच, कुणाला शंका राहणार नाही असं. त्या सकाळी लेन्स मीच बसवल्या. डाव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. हेल्मीने ते पाहिलं, मी पाहिलं, पास्टर आले होते त्यांनीही पाहिलं. आपली फिनिश माणसं तुला माहीत आहेत. कुणी रडायला लागलं की आपण त्याला एकटं सोडतो, याहून मोठा आदर आपल्याला दाखवता येत नाही. आम्ही तिघेही हळूच बाहेर आलो, दार लोटलं आणि स्वयंपाकघरात कॉफी पीत खिडकीबाहेर बघत बसलो. पास्टर म्हणाले, "रडू दे, मोकळी होईल." तक्ता पलंगाखाली पडून होता. रडणाऱ्या माणसासमोर कोण तक्ता धरतो?

डॉक्टर आले. त्यांनी विचारलं. तिने वर पाहायचा प्रयत्न केला, पण डोळा चुरचुरून मिटत होता, पाण्याची धार लागलेली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी बॅग बंद केली आणि म्हणाले, "याला मी हो समजू शकत नाही. आज नाही." मग मी तक्ता काढला. तिने जुळवलं, "गाढवांनो, डावी लेन्स उलटी आहे." तोवर डॉक्टरची गाडी वळणापलीकडे गेली होती.

त्या सकाळी मी वाटी की बशी पाहिलं होतं गं. बोट डोळ्यांसमोर धरलं होतं. पण माझेच डोळे भरलेले होते, मला कड दिसली नाही. त्या गुरुवारीही दिसणार नाही. हेल्मी डोळ्याला हात लावायला घाबरते आणि नर्सच्या हातमोज्याला लेन्स चिकटते. काल मी आईला विचारलं, "कुणाला बोलावू?" तिने जुळवायला बराच वेळ घेतला. "सिनिक्काला. पटवायला नाही. फक्त बोटं हवीत." म्हणून हे पत्र. तुझेही डोळे भरतील, माहीत आहे. पण तुला रडत रडत बसवता येते. मला नाही.

बुधवारी रात्रीच्या विमानाला मी गाडी घेऊन येऊन उभा राहीन, तू उतरलीस तरी आणि नाही उतरलीस तरी. गुरुवारी सकाळी आधी लेन्स, मग डॉक्टर. ते विचारतील. तिने वर पाहिलं, तर ते आपण सगळ्यांनी स्वच्छ पाहिलेलं असेल. आणि सिनिक्का, खाली पाहिलं, तर तेही.

तुझाच,
बाबा