शुगर आहे असं सांगायचं ठरलं

४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी एक मोजा पायात, एक हातात. असा पाऊण तास बसलो. सौ. आत-बाहेर करताना तीनदा बघून गेली. चौथ्यांदा म्हणाली, "अहो, दुसरा पाय कुणी नेला का?" विनोद चांगला होता. मला हसू आलं नाही, हे तिनं बघितलं.
नववीला धडा शिकवला. कुठला ते आठवत नाही. पोरं हसली, म्हणजे मी काहीतरी बोललो असणार. हल्ली तोंड आपलं आपण विनोद करतं, मी मागच्या बाकावर.
साप्ताहिकाचा फोन: 'उलटी चप्पल' सदराचा मजकूर कुठंय? अकरा वर्षं एक आठवडा चुकला नाही. सगळ्या तालुक्याची टर उडवली. आता कागद समोर, आणि

६ नोव्हेंबर, गुरुवार
बार्शीला गेलो. मुद्दाम बार्शीला, आमच्या परंड्यात शिंकलं तरी स्टँडवर चौकशी होते. दवाखान्याच्या पाटीवर 'मन, मेंदू, व्यसन, झोप'. कुणी बघितलंच तर 'झोपे'साठी आलो होतो, हे उत्तर खिशात.
डॉ.बाई वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. तिसऱ्याच मिनिटाला विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?" म्हणालो, "मरायलाही उत्साह लागतो बाई. तो असता तर लेख नसता का लिहिला?"
हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं. "सर, आता हेच विनोद न करता सांगा."
सांगितलं. बराच वेळ लागला. बाहेर बाकावरचे लोक खोकायला लागले होते.
डिप्रेशन म्हणाल्या. रात्री जेवल्यावर एक गोळी. दोन-तीन आठवडे गुण दिसणार नाही, मळमळेल, तोंड कोरडं पडेल, तरी घ्यायची. बरं वाटलं तरी त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. रोज चालायचं. पंधरा दिवसांनी एकदा समुपदेशक ताईंशी बोलायचं. फार नकोसं वाटलं तर एकटं बसायचं नाही, लगेच फोन करायचा.
"घरी काय सांगू?"
"आहे ते."
बाई परंड्याच्या नाहीत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सौ.ला सांगितलं. पहिला प्रश्न: "कुणी बघितलं का?" मग रडली. मग उठून कुकर लावला.
आमच्या लेकीला, अशूला बघायला तामलवाडीचे पाहुणे यायचेत महिन्याभरात. मुलगा सोलापुरात बँकेत, घरी द्राक्षबाग. सौ. म्हणाली, "डोक्याची गोळी म्हणल्यावर उंबऱ्यातनंच माघारी जातील. तिचं जमूस्तर शुगर हाय म्हणा. शुगरला कोण हसत न्हाय."
मुद्दा बिनतोड. ठराव एकमतानं मंजूर.
वहीतही गोळीला 'गो.' लिहिणार. कुणाच्या हाती पडली तर गोविंद समजतील.

१० नोव्हेंबर, सोमवार
गो. चालू. मळमळ.
शुगर झाल्याचं स्टाफरूममध्ये जाहीर केलं. काय तो सन्मान! माने सरांनी (गणित) हात हातात घेतला. हेडमास्तरांनी खुर्ची दिली. कुणी कारल्याचा रस, कुणी जांभळाची पावडर. शिपाई पांडुरंगनं न सांगता बिनसाखरेचा चहा आणला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढं प्रेम मिळालं नव्हतं.
खरं सांगितलं असतं तर? खुर्ची काढून घेतली असती, असं नाही. सगळे तिच्यापासून जरा लांब बसले असते.
बिनसाखरेचा चहा भयंकर लागतो. पण मला तशीही कशाची चव नव्हती.

१५ नोव्हेंबर, शनिवार
किल्ल्याच्या खंदकाच्या कडेनं दोन फेऱ्या. निम्मं परंडं तिथंच फिरतं. समोरून येणारा प्रत्येक जण विचारतो, "शुगर व्हय सर?" मी "व्हय." तो खूश, मी मोकळा.
आज मधेच बसलो. उठवेना. पाय दुखत नव्हते, उठायचं कशासाठी तेच सापडेना. वीस मिनिटं एका शेळीकडं बघितलं. शेळी आधी उठली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
ताईंशी बोललो. रोज एक काम ठरवा म्हणाल्या, एवढुसं. मी म्हणालो, दाढी. "चालेल. झाली की वहीत टिक करा." लोकांना टोले हाणून नाव कमावलं, आता स्वतःला दाढीची टिक.
केली. टिक.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
आज भाजीत मीठ कमी आहे, हे मला कळलं! सौ.ला बोललो तर ती भांडायच्या ऐवजी बघतच राहिली. किती दिवसांनी तक्रार केली.
लेख पाठवला. तीन आठवडे चुकले होते. बरा जमलाय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
माने सरांनी मशीन आणलं. भर स्टाफरूममध्ये बोट टोचलं. ब्याण्णव. टाळ्या.
"कंट्रोलमधी हाय की सर! आता गोळी कशाला? उगं किडनीला त्रास. माझ्या मेव्हण्यानं सोडली, ठणठणीत हाय."
मी मान डोलावली. घरी आल्यावर सौ.ला आकडा सांगितला तर तिचाही चेहरा उजळला! आम्हा दोघांना माहीत होतं की मला शुगर नाही. तरी ब्याण्णव ऐकून दोघांना बरं वाटलं.
आणि गो.नं झोप येते, पाहुण्यांपुढं जांभया नकोत. आणि बरं वाटतंयच की.
गो. घेतली नाही.

२ डिसेंबर, मंगळवार
मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं. पांडुरंगवर ओरडलो. चहात साखर होती म्हणून. साखर मला चालते.

५ डिसेंबर, शुक्रवार
दाढी नाही. लेख नाही. पहाटेपासून जागा, आणि तोच जुना दगड छातीवर, ओळखीचा. डॉ.बाईंचा नंबर काढला, ठेवला. काय सांगू, की शुगर कंट्रोलमध्ये आली म्हणून तुमची गोळी सोडली? एवढा मूर्ख माणूस माझ्या लेखातही नव्हता.
पाहुणे परवा. तेवढं होऊ दे.

७ डिसेंबर, रविवार
आठवतंय तोवर लिहितो.
पाहुणे अकराला आले. मुलगा, आई, वडील. वडील बब्रुवानराव, अबोल. अशू कालच सोलापूरहून आलेली. तिथं मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. पोहे झाले, चहा आला. माझा कप वेगळा.
मुलाच्या आईनं बरोबर हेरलं. "सरांना बिनसाखरेचा? शुगर हाय व्हय?"
सौ. म्हणाली, "हाय जराशी."
"कधीपासनं? आमच्यात कुणाला न्हाय. बापाची लेकराकडं येतीया म्हणं."
"बॉर्डरवरच हाय हो. ब्याण्णव!"
"ब्याण्णवला कोण शुगर म्हणतंय?"
माझ्या हातात कप बशीवर वाजायला लागला. थांबवायचा प्रयत्न केला, जास्त वाजला.
अशू म्हणाली, "बाबांना शुगर नाही."
"अशू, पाणी आण."
"आई, पाणी सगळ्यांना दिलंय."
मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक विनोद तयार होता, चांगला होता. गिळला. म्हणालो, "डिप्रेशन आहे. औषध चालू होतं, गुणही येत होता. नऊ दिवसांपूर्वी मीच बंद केलं. आज हा कप जड होतोय."
मुलाच्या आईनं प्लेट खाली ठेवली. मुलगा अशूकडं बघत होता, ती जमिनीकडं. बब्रुवानराव माझ्या कपाकडं. पुढं होऊन त्यांनी तो हातातून घेतला, टेबलावर ठेवला.
"कळवतो," मुलाची आई. साडेअकराला गाडी गेली.

८ डिसेंबर, सोमवार
सौ. बोलत नाही. अशूनं रजा वाढवली. म्हणाली, "स्ट्रिप धुण्यात सापडली होती, तुमच्या शर्टाच्या खिशात. दुसऱ्याच आठवड्यात, रविवारी घरी आले होते तेव्हा. मेडिकलवाल्या पोरीपासून गोळी लपवता? तुम्ही सांगाल म्हणून थांबले."
"मुलगा कसा वाटला?"
"चांगला होता." 'होता' म्हणाली, आणि भांडी घासायला गेली. तेवढंच लागलं मला.

९ डिसेंबर, मंगळवार
बार्शी. सौ. आपणहून एसटीत बसली, शेजारच्या नाही, पुढच्या सीटवर. डॉ.बाईंना सगळं सांगितलं. माने सरांचं मशीन ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या, मग रागावल्या. गो. पुन्हा सुरू. पुन्हा दोन-तीन आठवडे वाट बघायची.
सौ.नं विचारलं, "मी काय करायचं?"
"सारखं कसं वाटतंय विचारू नका. सोबत चालायला जा."

१४ डिसेंबर, रविवार
तामलवाडीहून निरोप नाही. अशू सोलापूरला गेली.
सौ.बरोबर खंदकाच्या कडेनं. माने सर समोरून. "वैनींना पण शुगर का?"
सौ. म्हणाली, "न्हाय. ह्यांना डिप्रेशन हाय. मी सोबतीला." मेथीचा भाव सांगावा तसं. माने सर जे थांबले ते थांबलेच. आम्ही पुढं. वळणावर तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला, चांगला कळवळेपर्यंत. "पोरीचं मोडलं तर बघा मग."
मी काय बघणार. सकाळी उठतोय, एवढंच.

१७ डिसेंबर, बुधवार
शाळेतून आलो तर फोन. बब्रुवानराव. स्वतः.
सौ. कणकेच्या हातानं दारात येऊन उभी.
द्राक्षाला ढगाळ हवा कशी वाईट ते सांगितलं. फवारण्या सांगितल्या. परंड्याला पाणी कधी येतं विचारलं. मी उत्तरं देत गेलो. स्थळाचा विषय नाही. सौ. खुणेनं विचारतेय, हो का नाही? मी मान हलवली, कळत नाही.
मग फोन कट झाला वाटलं.
"सर," आवाज एकदम खाली, "ती गोळी सकाळी घ्यायची असती का संध्याकाळी?"
"रात्री. जेवल्यावर."
"घरात तुमीच एकटे हाव का आत्ता?"
"बायको आहे."
"मग ऱ्हाऊ द्या."
"न्हाय, बोला. तिला सगळं माहीत आहे."
मागं कुठंतरी मोटारीचा आवाज. बागेत उभे असावेत.
"रात्रीचं जाऊ द्या सर. सकाळी कसं होतंय तुमाला?"
सदर लिहितोय त्या अकरा वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं, मीही कुणाला नाही.
"सकाळ अजून अवघड आहे," म्हणालो. "तुमची?"