बेचाळीस खुणांची वही

तीर्थस्वरूप ताई,

सादर नमस्कार. तुझे पत्र पोचले. "प्रकृती ठीक आहे" असे तू लिहिले आहेस. परंतु "ठीक" हा शब्द आपल्या घराण्यात नेहमी काहीतरी दडवण्यासाठीच वापरला गेला आहे, तेव्हा गुडघा डावा दुखतो की उजवा, आणि जिना चढताना की उतरताना, एवढे स्वतंत्र ओळीत कळवावे. भावजींच्या चष्म्याचा नंबर वाढल्याचे वाचले. चष्मेवाल्याने एकच डोळा तपासून दोन्हीकडे तीच काच बसवली नाही ना, याची खात्री करून घ्यावी. (असे होते. माझ्या बाबतीत झाले आहे.) इकडील सर्व क्षेम, असे लिहिण्याचा प्रघात आहे म्हणून लिहिले. वस्तुस्थिती तशी नाही, आणि म्हणूनच हे पत्र जरा लांबेल.

आपली मिरी पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होईल. नातीचे वजन, उंची, दात आणि लसी या चारही बाबी मी स्वतः पडताळल्या असून त्यांत तक्रारीस जागा नाही. (दात मोजताना ती दोनदा चावली, त्यावरून ते मजबूत असल्याचेही सिद्ध झाले.) अडचण एकच: मिरी बोलत नाही. तिला ऐकू येते, समजते, ती हसते, नको असलेली भाजी कपाटामागे टाकून वर स्वतःच टाळ्या वाजवते. पण तोंडातून शब्द नाही. तिच्या आईने, म्हणजे तुझ्या भाचीने, काळजीने डोळे सुजवून घेतले आहेत. रोज ऑफिसातून आली की चपला काढायच्या आधी विचारते, "आज काही बोलली?" आणि आमचे चेहरे बघून आत निघून जाते.

अशा परिस्थितीत पाळणाघरातून मासिक प्रगतिपत्रक आले. त्यात लिहिले होते: "बोलणे: भरपूर. इतर मुलांना सूचना देते." आता तूच सांग, यावर कोणाचा विश्वास बसेल? मी लगेच ओळखले की पत्रके बदलली गेली आहेत आणि दुसऱ्याच कोणाची तरी वाचाळ मुलगी आमच्या नावावर चढवली आहे. गोदामांतला माल तपासण्यात माझी एकतीस वर्षे गेली. खोक्यावरची चिठ्ठी वाचून आतला माल मान्य करणारा माणूस एक दिवस विटा घरी आणतो, हे मी नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगत असतो. तेव्हा प्रत्यक्ष तपासणी करणे क्रमप्राप्त होते.

सव्वादहा वाजता, पूर्वसूचना न देता, मी पाळणाघरात हजर झालो. संचालिकाबाई हसतमुख आहेत (ही पहिली संशयास्पद गोष्ट) आणि त्यांनी मला वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसवले, त्यामुळे माझे गुडघे कानांशी आले. मिरीने मला पाहिले, येऊन मांडीवर बसली आणि पन्नास मिनिटे चकार शब्द बोलली नाही. मी ही बाब संचालिकाबाईंच्या नजरेस आणून दिली. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो आजोबा, तुम्ही यायच्या आधी घसरगुंडीवर सगळ्यांची रांग तिनंच लावली! एकेकाला ओरडून!" ताई, माल गायब झालेला प्रत्येक गोदामवाला मला हेच सांगत आला आहे, की साहेब, तुम्ही यायच्या आधी इथेच होता.

दुसऱ्या वेळी मी निराळी पद्धत अवलंबली. मुलांच्या नाटुकल्यांचे कपडे टांगलेल्या पडद्यामागे, तिथल्या कामवाल्या मावशींना विश्वासात घेऊन, उभा राहिलो. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला: "नाही. चुकलं. परत मोजा. सगळे ठोकळे परत मोजा." आवाजात एक जरब होती आणि ती मला ओळखीची वाटली, पण कोठे ऐकली ते आठवेना. मात्र नुसता आवाज हा पुरावा होत नाही; बोलणारी व्यक्ती डोळ्यांनी पाहणे आवश्यक असते. म्हणून मी पडदा किंचित बाजूला केला. तो दांडीसकट खाली आला आणि पाठोपाठ सिंहाचे कापडी डोके माझ्या डोक्यावर बसले. अकरा मुले किंचाळली. (त्यांतली दोन आनंदाने.) सिंहाच्या तोंडातून मी पाहिले तेव्हा मिरी ठोकळ्यांपाशी शांत उभी होती. तिने एक बोट माझ्याकडे केले आणि मग तेच दाराकडे. तोंड बंद. संचालिकाबाई, या वेळी न हसता, म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्ही घरी जा बरं."

यानंतर तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरीणबाई तुझ्या भाचीहूनही लहान दिसतात, म्हणून भिंतीवरची पदवी मी जवळ जाऊन वाचली. ती खरी निघाली. त्यांनी मिरीला विचारले, "तुझं नाव काय?" मी सांगितले. "सकाळी काय खाल्लंस?" मी सांगितले, प्रमाणासह. "या बाहुलीला काय हवंय गं?" बाहुलीला सध्या काहीही नको असावे, असे माझे निरीक्षण मी नोंदवले. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "आजोबा, मी तुम्हाला तपासत नाहीये." तुझी भावजय खिडकीबाहेर पाहू लागली. तिच्या खांद्यांवरून ती हसत असल्याचा मला संशय आला.

त्या क्षणी मी माझी वही पुढे केली. या वहीविषयी तुला अद्याप लिहिले नव्हते. मिरीला बोलता येत नसल्यामुळे तिची गैरसोय होऊ नये, म्हणून सात महिन्यांपूर्वी मी तिच्या सर्व खुणा नोंदवून त्यांचे अर्थ निश्चित केले. एकूण खुणा बेचाळीस. उजवा कान ओढला तर झोप, डावा ओढला तर गोष्ट, दोन्ही ओढले तर पाहुण्यांना घालवा. पायाचा अंगठा आपटला तर पाणी, टाच आपटली तर दूध. वहीच्या प्रती काढून घरातल्या प्रत्येकास दिल्या, एक शेजारच्या काकूंकडे ठेवली, आणि सर्वांची तोंडी परीक्षा घेतली. (तुझी भावजय दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण.) पूर्वी मिरीला काय हवे हे समजायला मिनिट मिनिट जाई, आता खूण झाल्यापासून सातव्या सेकंदाला वस्तू तिच्या हातात असते. पाळणाघराला प्रत दिली नव्हती, कारण त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

डॉक्टरीणबाईंनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. कौतुकाची मला अपेक्षा होती. त्यांनी वही मिटली आणि अगदी हळू आवाजात विचारले, "मग तिनं बोलायचं कशासाठी, आजोबा?"

ताई, मी वही परत घेतली आणि खुणा पुन्हा मोजल्या; बेचाळीसच भरल्या.

हुकूम असा झाला: तीन आठवडे वही कुलपात. कोणतीही खूण कोणालाही समजायची नाही. मनात दहा आकडे मोजायचे आणि थांबायचे. तिच्या वतीने कोणी उत्तर द्यायचे नाही. ("कोणी" म्हणताना त्या माझ्याकडे पाहत होत्या.) या बाई आणि पाळणाघराच्या संचालिका यांचे आतून संगनमत असावे, असे मला अजूनही वाटते. दोघींच्या टेबलांवर एकाच जातीचे पिवळे बदक आहे.

तरीही मी हुकूम पाळला. चौथ्या दिवशी, मी ऑफिसात असताना, मिरी स्वयंपाकघरात तुझ्या भावजयीला म्हणाली, "पाणी." हातातले पातेले पडले म्हणे. मग म्हणाली, "गार नको." सहाव्या दिवशी आईला म्हणाली, "आई, इकडे बघ ना," आणि तुझी भाची जिन्यात बसून अर्धा तास रडली. या दोन्ही प्रसंगी मी गैरहजर होतो. आहे तो केवळ घरच्या माणसांचा तोंडी जबाब, तोही वेळेची नोंद नसलेला. मी घरात पाऊल टाकले की सामसूम. ती माझ्यासमोर उभी राहते, अंगठा आपटते आणि वाट पाहते. मी मोजू लागतो. सहावर येतो तोवर माझा हात तांब्यावर गेलेला असतो. काल तुझी भावजय म्हणाली, "अहो, बी.कॉम. ना तुम्ही? दहापर्यंत मोजता येत नाही?"

संशय घेणे हे माझे पोटापाण्याचे साधन आहे, ताई, त्याबद्दल मला खंत नाही. परंतु मिरी सगळ्यांशी बोलते आणि माझ्याशी बोलत नाही, या गोष्टीत संशयाला कोठेही फट सापडत नाही. मी फार शोधली. ते मला लागले आहे. गुरुवारी पुन्हा दाखवायला न्यायचे असून मी खोलीबाहेर बसावे असे ठरले आहे.

भावजींना नमस्कार. तुझे आशीर्वाद या घराला हवेत. ते पत्रात स्पष्ट शब्दांत लिहावेत, गृहीत धरायला लावू नयेत.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. मूळ काम राहिलेच. डॉक्टरांच्या फॉर्मवर सतराव्या रकान्यात "कुटुंबात कोणी उशिरा बोलू लागले होते काय?" असा प्रश्न आहे. मी "नाही" लिहून सही केली. तुझी भावजय म्हणाली, "आधी ताईंना विचारा." आई एकदा सहज बोलून गेली होती, की साडेतीन वर्षांचा होईपर्यंत मी तोंड उघडले नाही आणि मला कोणी काही विचारले की उत्तर तूच देत असस. तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आता साक्षीदार तू एकटीच उरली आहेस. मी आरोप करत नाही. हे खरे आहे का, आणि खरे असल्यास मी बोलावे म्हणून तेव्हा नेमके काय केले, एवढे गुरुवारच्या आत कळवावे.

ता. क. २. उत्तर "हो" असल्यास ऑफिसच्या पत्त्यावर, बंद पाकिटात, वर "खासगी" लिहून पाठवावे. "नाही" असल्यास घरी; उघडे चालेल.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्यापूर्वी हे पत्र मोठ्याने वाचून तपासत होतो. मिरी खुर्चीचा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, गप्प." शब्द स्पष्ट, उच्चार निर्दोष, संबोधन बरोबर. तथापि एकाच प्रसंगावर विसंबणे योग्य नव्हे, म्हणून मी मुद्दाम वाचत राहिलो. तिने ते आणखी दोनदा म्हटले. तिसऱ्या खेपेनंतर मात्र पुढचे वाचणे मला जमले नाही. तेव्हा शेवटचे पान न तपासता पाठवत आहे.