कणगीमागचं लुगडं

माय, तू मला कुशीत का घेत नव्हतीस, ते तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मला कळलं, आणि तेही एका पुस्तकातल्या चित्रावरून. डॉक्टरकीच्या शाळेत कातडीच्या रोगांचं लेक्चर चाललं होतं. चित्रात एका बाईच्या कमरेला लालसर कडं होतं, कडेनं बारीक पुरळ, मधली कातडी जवळजवळ साफ. खाली इंग्रजी नाव, रिंगवर्म. म्हणजे आपलं गजकर्ण. पुढचं लेक्चर मला ऐकूच आलं नाही. कारण ते कडं माझ्या ओळखीचं होतं. तू चुलीपुढं भाकर थापतेयस, लुगड्याची गाठ जराशी खाली सरकलीय, हात पिठात आहेत म्हणून तू मनगटानंच कंबर घासतेयस. मी मागून येऊन गळ्यात पडायला बघतो आणि तू कोपरानं मला ढकलतेस. "दूर व्हय, पोऱ्या." बस, एवढंच. मागं वळूनसुद्धा बघत नाहीस. मी आबांजवळ जाऊन झोपायचो आणि आज आपलं काय चुकलं ते आठवत बसायचो. मग त्या हिवाळ्यात तुला ताप आला आणि विचारायचं राहूनच गेलं.

चित्र पाहिलं तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी आनंद झाला होता, हे तुला ऐकायला कसं वाटेल कोण जाणे. वाटलं, अरे, हे तर बरं होतं. मायक्रोस्कोपखाली रोग्याच्या कातडीवरून मी स्वतः खरवडलेला कोंडा ठेवून बघितला. त्यात धागे दिसतात, लोणच्यावर बुरशी येते ना, तसलेच. तिला ऊब लागते, ओल लागते, अंधार लागतो. आणि आपल्या घरात तिला हे तिन्ही कुठं मिळत होतं, ते मला तिथल्या तिथं उमगलं. आबांची धोतरं अंगणात कडक उन्हात फडफडायची. तुझं लुगडं मात्र माजघरात, कणगीमागं. ओसरीवर आजोबा बसलेले असायचे. सासऱ्यासमोर सुनेचं लुगडं दोरीवर कसं टाकायचं? पावसाळ्यात ते वाळायचंच नाही. तू ते दमटच गुंडाळायचीस, वर गाठ घट्ट आवळायचीस, की चुलीपुढं घाम. ताईला कणगीमागं लुगडं पसरायला तूच शिकवलंस. ती ते शिकून सारंगखेड्याला नांदायला गेली.

गजकर्ण कमरेला असतं तोवर ते घरातलं असतं. ताईच्या गळ्यावर आलं आणि ते गावाचं झालं. तिच्या सासऱ्यांनी गाडी जुंपून तिला आमच्या दारात आणून सोडलं. म्हणाले, "हाई रगतपिती शे. पोऱ्याले लागी जाई. तुमनी आंडेर, तुमनी लेक, तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या." पोरगा त्यांनी ठेवून घेतला. मी सुट्टीत घरी आलो तर ताई गोठ्यापाशी वेगळं ताट घेऊन बसलेली. मी सुई काढली. तिला डोळे मिटायला लावले आणि त्या कड्यावर हलकेच टोचलं. रगतपितीचा, म्हणजे कुष्ठाचा, चट्टा बधिर असतो, तिथं काही कळत नाही. "टोचस का?" "टोचस ना रे भाऊ, जीव लेस का मन्हा?" ती ओरडली आणि मी हसलो. मग तीही हसली, रडता रडता.

माय, तेव्हा मला वाटलं, जिंकलो आपण. शाळेच्या दवाखान्यातलं मलम मी डबी भरून आणलं होतं. आंघोळीनंतर अंग कोरडं पुसायचं, मलम लावायचं, लुगडं उकळून धुवायचं, आणि खाज थांबली तरी पुढं पंधरा दिवस मलम सोडायचं नाही. लोक खाज थांबली की डबी फेकून देतात आणि तिथंच फसतात. आबांनी तर कमाल केली. अंगणात दोरी बांधली आणि ताईचं लुगडं स्वतःच्या हातानं उन्हात टाकलं. शेजारचे बघत होते. आबा म्हणाले, "लेकनं लुगडं शे, बापनं आंगन शे." मी आत जाऊन तोंड धुतलं. तुझ्यासाठी ती दोरी कुणी बांधली नव्हती.

ताईची कातडी साफ झाली. मी तिला पोचवायला गेलो आणि तिथं सगळी शिकवण ओतली. सासऱ्यांनी गळा नीट बघितला, मान डोलावली. मग मी म्हणालो, लुगडी उन्हात वाळवा आणि घरातल्या सगळ्यांनी मलम लावा, नाहीतर एकमेकांकडून परत लागेल. त्यांचा चेहरा बदलला. "सुननं लुगडं ओटावर टाकू? गाव हासी. आनि मन्ही बायकोले मलम कसाले? तिले काय व्हयनं?" दाराआड ताईची सासू उभी होती. लुगड्याच्या गाठीवरून तिची बोटं फिरत होती. माझ्याशी नजर मिळाली तशी तिनं हात खाली घेतला आणि मान वळवली. "डागतर," सासरे म्हणाले, "तुन्ही इद्या तुन्हा घर ठेव."

या श्रावणात परत गेलो. ताईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला होता. पदराखाली कडं होतं, पहिल्यापेक्षा मोठं. मलमाची डबी तिनं कणगीतल्या ज्वारीत पुरून ठेवलीय. "लावस ना," ती हळूच म्हणाली. "लावस, आनि वर ओलं लुगडं नेसस. मंग काय व्हई?" मी म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, "आते गऊ ते परत कोन लई? पोऱ्या आठेच ऱ्हाई. कोनले सांगू नको, भाऊ." मी तिथंच बसलो. मला औषध माहीत आहे, रोग माहीत आहे, तो कुठून येतो ते माहीत आहे. ती कणगी माझ्यासमोर चार हातांवर होती आणि मला तिच्यामागचं लुगडं उचलून उन्हात नेता येत नव्हतं.

तेवढ्यात भाचा धावत आला आणि तिच्या गळ्यात पडायला गेला. तिनं कोपरानं ढकललं. "दूर व्हय, पोऱ्या." माय, तोच आवाज. तो थबकला आणि आपल्या पायांकडं बघत उभा राहिला. मी त्याला ओट्यावर नेलं. म्हटलं, "माय रागमा नही रे. तुले लागाले नको म्हनीसन ढकलस ती." तो म्हणाला, "मामा, तू खोटं सांगस."

आबा विचारताहेत, एवढं कुणाला लिहितोस. मास्तरांना, म्हणून सांगितलं. कागद आता चुलीत घालीन. त्या पोराला मी पुस्तकातलं सगळं पुन्हा पुन्हा समजावलं आणि त्याला ते पटलं नाही. खरं सांगू, माय? मलाही अजून पटलेलं नाही. अजून वाटतं, तू माझ्यावर रागावली होतीस.