होळीपर्यंत

काशी, १२ जानेवारी १९३७

तीर्थस्वरूप आक्कास नीलकंठाचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. दाजींचा खोकला थांबला का? शाळा सुटली की मी काँग्रेसच्या प्रचाराला घरोघर हिंडतो. हेडमास्तर एकदा रागावले, पण तू नोकरीची चिंता करू नकोस.

जीव वेगळ्याच गोष्टीने अस्वस्थ आहे. संकठा घाटावरच्या आनंदीकाकूंचा मुलगा विष्णू चार वर्षं राजबंदी आहे. मी त्यांना म्हणालो, "आपले लोक निवडून आले की राजबंदी सुटतील."

"कधी?" त्यांनी विचारलं.

"होळीपर्यंत," माझ्या तोंडून निघून गेलं. जाहीरनाम्यात तारीख कुठेच नाही, आक्का! दुसऱ्या दिवशी पाहतो तर काकू विष्णूची गादी उन्हात घालत होत्या. मला जेवण जाईना.

काल जाऊन सांगितलं, "काकू, होळीचं मी मनानंच बोललो. चुकलो."

त्या म्हणाल्या, "मत देईन रे. पण जिंकल्यावरही या पायऱ्या चढून येत जा. तेव्हा कोणी फिरकत नाही."

मी हो म्हटलं. माझ्या हातात असलेलं वचन तेवढं एकच आहे.

तुझा धाकटा,
नीलकंठ