साहेबांना शांत करताना

२ जून, सकाळ
साहेबांचं ब्लडप्रेशर वाढलंय. डॉक्टरांनी योगा सांगितला. साहेबांनी ऑफिसभर ओरडून विचारलं, इथे कोणाला येतो का म्हणून. माझा हात आपोआप वर गेला. शाळेत करायचो. एकदा अंगात भिनलं की जात नाही ते.
असिस्टंट मॅनेजरची खुर्ची सध्या रिकामी आहे, हा निव्वळ योगायोग.

२ जून, संध्याकाळ
हिला सांगितलं. हिने विचारलं, तुमच्या बुटांच्या नाड्या कोण बांधतं? म्हटलं, गुरूची कंबर बघायची नसते, दृष्टी बघायची असते.

४ जून
पहिला वर्ग. मीटिंग रूम, टेबल भिंतीला लावलं. चटया नव्हत्या. पण आपला कारखाना खोक्यांचा! गोदामातून पुठ्ठ्याचे दोन मोठे तक्ते आणले. साहेब तक्त्यासकट घसरत दारापर्यंत गेले. पोट असं की स्वतःचे गुडघे त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिले नसावेत.
मी वाकून दाखवलं. खाली जाणं उत्तम जमलं. वर येणं राहिलं. तसाच थांबून म्हटलं, या स्थितीत जितकं थांबाल तितका फायदा. साहेबही थांबले. शिपाई चहा घेऊन आला, आम्हाला पाहून चहासकट परत गेला.
सुरुवात झकास.

८ जून
साहेबांनी विचारलं, वाकताना श्वास घ्यायचा की सोडायचा? म्हटलं, ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर. घरी व्हिडिओ पाहिला. सोडायचा असतो. उद्या सांगेन, पहिला आठवडा प्रकृतीचा, दुसरा नियमाचा.
पाठ धरलीये. ऑफिसच्या जुन्या खुर्चीमुळे. नवी मिळेलच.

१३ जून
चमत्कार! बेकरीची खोकी चपलांच्या कारखान्यात गेली आणि चपलांची बेकरीत. एरवी साहेबांनी फोन भिंतीवर आपटला असता. आज डोळे मिटले, लांब श्वास सोडला आणि हळूच विचारलं, पत्ते कोणी लिहिले होते?
मीच लिहिले होते. तसं सांगितलं. साहेब म्हणाले, बरं.
नुसतं बरं! माझ्या शिकवण्याचं पहिलं फळ मलाच मिळालं.

१९ जून
शवासनात माझा हातखंडा. साहेबांना म्हटलं, डोळे मिटा, अंग सैल सोडा, येणारे विचार जाऊ द्या. मी डोळे उघडले तेव्हा सेल्सची माणसं माझ्याभोवती खुर्च्या टाकून मीटिंग करत होती. साहेब त्यांना सांगून गेले होते म्हणे, हळू बोला. गुरूबद्दल केवढा आदर!
मेहुण्याला फोन करून प्रमोशनचं सांगून टाकलं. ही म्हणाली, कागद तरी हातात येऊ द्या. हिलाही योगाची गरज आहे.

२७ जून
साहेब आता मांडी घालून ताठ बसतात. मी समोर, खुर्चीत. म्हणाले, डोकं इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. पूर्वी संतापात, घाईघाईत सह्या ठोकायचो, आता एकेक कागद नीट वाचतो. सध्या तुमच्या डिस्पॅचचे वाचतोय.
एवढ्या सगळ्यांतून माझेच! नवा शर्ट शिवायला टाकला.

१ जुलै
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. स्वतः पाणी दिलं. असिस्टंट मॅनेजर म्हणून स्टोअरच्या बाई. मला डिस्पॅचमधून काढून जुन्या फायलींच्या खोलीत. तिथे चुकायला फारसं काही नाही, म्हणाले. सगळं एका सुरात, चेहऱ्यावर मंद हसू. मी आवाज चढवून पाहिला, पण समोरचा चढवत नसेल तर आपण एकट्याने किती चढवणार? वर माझे आभार मानले. हा निर्णय कधीचा घ्यायचा होता, डोकं शांत नव्हतं म्हणून राहून गेला, म्हणाले.
पूर्वी दर सोमवारी मला नोकरीवरून काढायचे. मंगळवारी विसरायचे. माणूस किती चांगला होता.
संध्याकाळी घरी सांगितलं. हिने एकच विचारलं, साहेब ओरडले का? म्हटलं, नाही, अजिबात नाही.
ही चहा गाळता गाळता थांबली. म्हणाली, मग खरंच आहे.