निलगिरीची वाफ

ती. आईस, दुरूनच पायांवर डोकं.

तू दिलेले निलगिरीचे चार थेंब मला एका कोटाच्या भावात पडले. काळजी नको, माझी लाँड्री झकास चालली आहे आणि वाफेनं माझं डोकंही मोकळं झालं.

वाफ घेताना हाताला लागलं ते डोक्यावर ओढलं, तो नेमका गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट! "नवरदेवाला सर्दी झालीय का?" कोट हुंगून गिऱ्हाईक कडाडलं. मी बेशरमासारखं इस्त्रीवाल्या मावशींकडे बोट दाखवलं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं. नंतर भिंतीपलीकडे मावशी कुणाला तरी सांगताना माझ्या तिखट कानांनी ऐकलं, "मालकांचं डोकं दुखत होतं गं, जाऊ दे."

आई, मान वर होईना. आज सगळ्यांसमोर माफी मागितली, तर मावशी विचारतात, "डोकं तरी थांबलं का?"

तुझे गुडघे कसे आहेत?

तुझा ओशाळलेला लेक

ता. क. वर खोटं लिहिलं, डोकं अजून ठणकतंय.