बाहेरची कडी

आबा, तुमच्या या घराच्या दाराला बाहेरून कडी नाही. आतून बाभळीचा अडसर आहे, इतका जाड की रेडा धडकला तरी हलायचा नाही. पण बाहेरून काही नाही. माझा सगळा जन्म त्या एका गोष्टीत गेला आणि तुमच्याशी त्यावर एकदाही बोलणं झालं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

गावापासून इतक्या लांब, जिंतूरच्या या डोंगरात, तुम्ही एकट्यानं घर उभं केलं. दगड डोंगराचे, माती ओढ्याची, माळवदाला कडुलिंबाची लाकडं आणि वर पांढरी माती. ज्वारी, तूर, जवस रानातलं, दोर अंबाडीचे, अंग धुवायला रिठे. बाजारातून फक्त मीठ आणि आगपेटी. कोणाच्या दारात जायचं नाही, हे तुम्ही इतक्यांदा म्हणायचात की आम्हा दोघी बहिणींना ते बाराखडीच्या आधी पाठ झालं. गावातले लोक हसायचे. म्हणायचे, हा बाबा मेल्यावर सोताचा खड्डा बी सोताच खांदंल. आणि कुलूप तुम्हाला नकोच होतं. कुलूप लागलेलं घर म्हणजे ज्यात दिवा लावायला कोणी उरलं नाही असं घर, हे तुमचं ठाम मत. पण रानात दार उघडं टाकून जाता येत नाही, डुकरं आणि कुत्री धान्याची नासाडी करतात. मग कोणीतरी कायम घरी असायलाच हवं. ते कोणीतरी म्हणजे माय.

पोखर्णीहून आजी गेल्याचा सांगावा घेऊन माणूस आला, तो दिवस मला अजून दिसतो. माय चुलीपुढं बसलीय, काठवटीत पीठ मळलेलं आहे, हात तसाच पिठात थांबलाय. मला वाटतं, आता ही उठेल, लुगडं बदलेल. तुम्ही दारात उभे राहून म्हणता, "तू जायलीस तर घर कोन बघंल? मी जाऊन येतो."  माय उरलेल्या भाकरी थापते, आणि वाटेत खायला म्हणून त्यातल्या दोन फडक्यात बांधून तुमच्याच हातात देते. तिची आई मेलेली, आणि मातीला तुम्ही गेलात. तुम्ही घरी थांबावं आणि तिला जाऊ द्यावं, हे तुमच्या मनात आलं नाही, तिच्याही आलं नाही, आणि खरं म्हणजे माझ्याही फार उशिरा आलं. आता आलं की मला तुमचा राग येतो, आबा. लय येतो.

त्यानंतर बोरीच्या बाजारात मामानं मला खाऊला पैसे दिले, तेव्हा मी खाऊ घेतला नाही. लोखंडी कडी-कोयंडा आणि कुलूप घेऊन आले, मायला द्यायला. तुम्ही ते हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिलं. मग मला म्हणालात, "कुलूप लावायला आपन मेलाव का?" मारलं नाही, ओरडला नाहीत. पण तुमच्याकडं वस्तू वाया जायची नाही. कुलूप तुम्ही फडताळात टाकलं आणि कडी-कोयंडा चुलीजवळच्या भिंतीत ठोकून त्याला चाळणी अडकवली. माय मरेपर्यंत रोज त्याच कडीवरची चाळणी काढायची आणि पीठ चाळायची.

मग धाकटी लग्न होऊन पाथरीला गेली. मी नांदून परत आले, म्हणजे नवऱ्यानं आणून घातली, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात की बरं झालं, घराला माणूस झालं. तुमच्या तोंडून ती मायाच होती, हे मला कळत होतं. पण त्या दिवसापासून मीही त्या अडसराच्या आतली झाले. तुम्ही गेलात तेव्हा खड्डा गावकऱ्यांनीच खांदला बरं का, हाक मारायला मीच गेले होते. आपल्या रीतीप्रमाणं तुम्हाला बसवून पुरलं, लिंबाखाली, दाराकडं तोंड करून. पुढं मायही गेली. ज्वारी मी पेरते, माळवदावर दर उन्हाळ्यात मीच माती टाकते, कोणाच्या दारात जात नाही. शहरातून कोणी वाट चुकून आलं की म्हणतं, काय सुख आहे हो इथं! मी हसते, ताक देते. नांदून परत आल्यापासून या घराबाहेर मी एक रात्र काढलेली नाही, हे त्यांना कशाला सांगू.

परवा त्या मोठ्या खडकावर चढले तेव्हा फोनला रेंज आली आणि धाकटीचा आवाज आला. म्हणाली, "अक्का, मला आता सावलीवानी दिसायलंय. नजर पुरती जायच्या आत येऊन जा. तुजं तोंड बघू दे एकदा." मी सवयीनं म्हणणार होते, घर कोण बघेल. तोंडात शब्द आला आणि मला पिठातला तो हात दिसला.

मग मी खालच्या वस्तीवर गेले, स्वतःसाठी कोणाच्या तरी दारात, जन्मात पहिल्यांदा. तिथल्या म्हातारीला विचारलं, गाय आणि कोंबड्या सांभाळशील का.  ती म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं काय मागायलीस." आणि लगेच गाय सोडायला माझ्याबरोबर निघाली. इतकं सोपं होतं ते.

आज सकाळी भिंतीतून कडी-कोयंडा उपटला. गंज खरवडून, तेल लावून दाराला बाहेरून ठोकला. फडताळातलं कुलूप थोडं कुरकुरलं, पण लागलं.

हे तुमच्या समाधीच्या दगडाखाली ठेवावं असं मनात होतं. पण तुम्ही जिवंतपणी माझं ऐकलं नाही, आता काय ऐकणार. पिशवीत घालते, धाकटीला वाचून दाखवीन. खाली सडकेला जीप यायची वेळ झाली. घरी बसायची पाळी आता तुमची, आबा.

एक मात्र सांगते. कुलूप लावल्यावर सवयीनं मी दार वाजवलं, आणि आतून माय "आले गं" म्हणेल म्हणून उंबऱ्याशी थोडी थांबले.